विश्लेषण : फेसलेली मोहरी, कोवळी ज्वारी, कण्हेर आणि साबुदाणा... वनस्पतींतील ‘ग्लायकोसाइड’ म्हणजे काय? ‘नैसर्गिक’ ते सुरक्षितच असते का?

मे २०२४ मध्ये केरळमधील त्रावणकोर आणि मलबार या दोन देवस्वम मंडळांनी आपल्या मंदिरांत नैवेद्य आणि प्रसादासाठी कण्हेरीची फुले वापरण्यावर बंदी घातली. एका तरुणीच्या मृत्यूनंतर हा निर्णय झाला. तिने कण्हेरीचे पान-फूल नकळत चावल्याचा संशय व्यक्त झाला होता. हीच कण्हेर महाराष्ट्रात अंगणात, सोसायटीच्या कुंपणाला आणि महामार्गाच्या दुभाजकावर बारा महिने फुललेली असते. तिच्यात नेमके काय असते? या प्रश्नाचे उत्तर शोधायला गेले की एक गंमतशीर गोष्ट समोर येते. कण्हेरीचे विष, मोहरीचा झणका, रिठ्याचा फेस, ज्येष्ठमधाची गोडी, सोनामुखीचा गुण आणि कोवळ्या ज्वारीने दगावणारी जनावरे या सगळ्यांमागे रसायनांचे एकच मोठे घराणे आहे. त्याचे नाव ग्लायकोसाइड.

ग्लायकोसाइड म्हणजे काय?

साखरेचा एक रेणू आणि साखर नसलेला दुसरा एखादा रेणू रासायनिक बंधाने जोडला गेला की ग्लायकोसाइड तयार होते. ‘ग्लायको’ हा शब्द गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. साखर म्हणजे इथे चहात घालतो ती दाणेदार साखर नव्हे, तर ग्लुकोज, रॅम्नोज यांसारख्या साध्या शर्करा. ग्लुकोज जोडलेले असेल तर त्या संयुगाला ग्लुकोसाइड म्हणतात. साखर नसलेल्या भागाला ‘अग्लायकोन’ असे नाव आहे.

सगळी गंमत या अग्लायकोनमध्ये असते. तो रंग असू शकतो, वास असू शकतो, औषध असू शकते किंवा जहालविषही असू शकते. जांभळाचा जांभळा आणि कोकमाचा लाल रंग देणारी अँथोसायनिन ही ग्लायकोसाइडच आहेत. व्हॅनिलाच्या हिरव्या शेंगेला तोडताना तो ओळखीचा वास नसतो, कारण वासाचा रेणू साखरेला बांधलेला असतो. शेंगा गरम पाण्यात बुडवून, घाम आणून, आठवडेच्या आठवडे वाळवल्या की साखर सुटते आणि वास दरवळू लागतो.

म्हणजे ‘ग्लायकोसाइड’ हे एका पदार्थाचे नाव नाही. ‘डब्यात भरलेली वस्तू’ म्हटल्यावर जसे आत काय आहे ते कळत नाही, तसेच हे आहे. चिवडाही डब्यात असतो आणि रॉकेलही.

वनस्पती साखर कशासाठी जोडते?

वनस्पतीला पळता येत नाही. किडा आला, बकरी आली, तर जागेवर उभे राहूनच तोंड द्यावे लागते. त्यासाठी ती रसायने बनवते. अडचण अशी की शत्रूला मारणारे रसायन स्वतःच्या पेशींनाही मारू शकते. शिवाय असे अनेक रेणू पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यामुळे साठवणे कठीण.

साखर जोडली की दोन्ही प्रश्न सुटतात. साखरेला पाण्याची ओढ असते, त्यामुळे संयुग पाण्यात विरघळते आणि पेशीतील पाण्याच्या टाकीत, म्हणजे रिक्तिकेत, साठवता येते. दुसरे म्हणजे बऱ्याच ग्लायकोसाइडच्या बाबतीत साखर जोडलेली असेपर्यंत घातक भाग निष्क्रिय राहतो. साखर म्हणजे जणू सेफ्टी पिन.

ही पिन काढण्याचे काम ग्लुकोसिडेज गटातील विकरे, म्हणजे एन्झाइम, करतात. वनस्पती ती वेगळ्या कप्प्यात ठेवते. एम-सीलच्या पाकिटात दोन वेगळ्या कांड्या असतात. वेगवेगळ्या असेपर्यंत त्या वर्षभर मऊ राहतात, एकत्र मळल्या की काही वेळात दगड होतो. इथेही तेच. पान अखंड असेपर्यंत दोन कप्पे वेगळे राहतात. किड्याने कुरतडले, जनावराने चावले, आपण वाटले की कप्पे फुटतात, एन्झाइम आणि ग्लायकोसाइड एकत्र येतात आणि साखर तुटून अग्लायकोन मोकळा होतो.

मोहरी फेसल्यावरच का झणझणते?

या यंत्रणेचा प्रयोग मराठी स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. मोहरीचा अख्खा दाणा हुंगला तर वास जवळपास नाही. फोडणीत तडतडली तर खमंग लागते, पण नाकात जात नाही. तीच मोहरी थोडे पाणी घालून फेसली की डोळ्यांत पाणी येते.

काळ्या आणि तपकिरी मोहरीत सिनिग्रिन नावाचे संयुग असते. त्यात साखर गंधकामार्फत जोडलेली असते. शेजारच्या वेगळ्या पेशींत मायरोसिनेज हे एन्झाइम असते. दाणा फुटला आणि पाणी मिळाले की दोघांची गाठ पडते, सिनिग्रिन तुटते आणि अलिल आयसोथायोसायनेट हा झणझणीत, उडून जाणारा पदार्थ तयार होतो. फोडणीत मात्र गरम तेल एन्झाइमला आधीच निकामी करते, म्हणून झणका तयारच होत नाही. मोहरी थंड पाण्यात फेसावी, गरम पाण्यात नव्हे, आणि थोडा वेळ ठेवली की ती अधिक चढते, या घरगुती शहाणपणाचे कारण हेच. कोबी, मुळा, वासाबी यांचा उग्रपणाही याच कुळातल्या संयुगांमुळे येतो. शास्त्रज्ञ या व्यवस्थेला ‘मोहरीच्या तेलाचा बॉम्ब’ म्हणतात.

हा बॉम्ब चोरणारे कीटकही आहेत. कोबीवरील एका जातीचा मावा झाडातील ही संयुगे शोषून शरीरात साठवतो आणि स्वतःचे मायरोसिनेज वेगळे बनवतो. त्याला कोणी चिरडले की त्याच्याही शरीरात तोच बॉम्ब फुटतो.

कोवळी ज्वारी जनावरांना का लागते?

मोहरीत झणक्यावर निभावते. ज्वारीत मात्र त्याच यंत्रणेतून सायनाइड बाहेर पडते. ज्वारीच्या हिरव्या ताटात धुरिन नावाचे ग्लायकोसाइड असते. डन्स्टन आणि हेन्री या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये ते वेगळे केले आणि ज्वारीच्या ‘धुर्रा’ या अरबी नावावरून त्याचे बारसे केले. पान चावले गेले की धुरिन तुटते आणि शेवटी हायड्रोजन सायनाइड सुटते. ते पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. रक्तात ऑक्सिजन भरपूर, पण पेशी मात्र गुदमरलेल्या, अशी अवस्था होते. म्हणूनच विषबाधा झालेल्या जनावराचे रक्त लालभडक दिसते.

गाय, म्हैस, शेळी या रवंथ करणाऱ्या जनावरांना धोका जास्त. त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात पाणी आणि जिवाणू भरपूर असतात आणि ते जिवाणूही धुरिन तोडतात. जनावर धापा टाकते, थरथरते, कोसळते. हे काही मिनिटांतही घडू शकते. पशुवैद्यकाकडे सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन हा उतारा असतो, पण तो वेळेत पोहोचला तरच उपयोगी.

धुरिन किती असेल हे पिकाच्या वयावर आणि ताणावर ठरते. कोवळ्या पोंग्यात, कापणीनंतर आलेल्या खोडव्याच्या फुटव्यांत आणि पावसाने ओढ दिल्यामुळे खुरटलेल्या पिकात ते जास्त असते. नत्राच्या जादा मात्रेनेही ते वाढते. पाऊस लांबला, चारा संपला, शेतात ज्वारीची हातभर हिरवी ताटे उभी आहेत आणि दावणीला जनावर उपाशी आहे, नेमका तोच काळ सर्वात धोक्याचा असतो. पीक फुलोऱ्यात येईपर्यंत थांबणे आणि कोवळ्या रानात मोकळे चरू न देणे हाच उपाय. नीट वाळलेल्या कडब्यात आणि मुरघासात सायनाइड बरेचसे उडून जाते, त्यामुळे धोका कमी होतो.

मग भाकरी? ज्वारीच्या पक्व दाण्यात धुरिन नगण्य असते. भाकरी निश्चिंत खावी. दाण्याला कोंब फुटले की मात्र त्या कोंबात धुरिन पुन्हा तयार होते. मुगा-मटकीसारखी मोड आलेली ज्वारी कच्ची खाण्याचा सल्ला म्हणूनच देऊ नये आणि घेऊ नये.

वनस्पतीला या विषाचा फायदा किती होतो, हे डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवून दिले. त्यांनी धुरिन बनवणारी ज्वारीची जनुके मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात घातली. ते रोप धुरिन बनवू लागले आणि त्यावर ताव मारणाऱ्या भुंगेऱ्याने त्याकडे पाठ फिरवली.

साबुदाणा विषारी कंदापासून होतो, हे खरे का?

उपवास जवळ आले की हा प्रश्न फिरू लागतो. अर्धी गोष्ट खरी आहे. आपल्याकडचा साबुदाणा कसावा ऊर्फ टॅपिओकाच्या कंदापासून होतो आणि या उद्योगाचे केंद्र तमिळनाडूतील सेलम परिसरात आहे. कसाव्यात लिनामारिन हे सायनाइड सोडणारे ग्लायकोसाइड असते. कडू जातींत ते जास्त, गोड जातींत कमी.

उरलेली अर्धी गोष्ट मात्र फॉरवर्डमध्ये नसते. साबुदाणा करताना कंद सोलतात, भरपूर पाण्यात भरडतात, पिठूळ पाणी गाळून स्टार्च खाली बसू देतात, वरचे पाणी काढून टाकतात, मग दाणे वळून भाजतात आणि वाळवतात. भरडताना एन्झाइम लिनामारिन तोडते. न तुटलेले लिनामारिन पाण्यात विरघळते आणि त्या पाण्याबरोबर निघून जाते. तयार झालेला सायनाइड वायू उष्णतेने आणि वाऱ्याने उडतो. शेवटी उरतो तो जवळपास निव्वळ स्टार्च. खिचडीबद्दल तक्रार करायचीच असेल तर स्टार्च, तूप आणि दाण्याच्या कुटाबद्दल करावी.

मात्र ही प्रक्रिया टाळली तर काय होते, हे आफ्रिकेने भोगले आहे. १९८१ मध्ये मोझांबिकच्या नामपुला प्रांतात दुष्काळात हजाराहून अधिक लोकांचे पाय अचानक लुळे पडले. त्यात बायका आणि मुलेच जास्त होती. तेथे काम करणारे स्वीडिश डॉक्टर हान्स रोझलिंग त्याच्या शोधात सहभागी होते. पुढे जगाच्या आकडेवारीवरील व्याख्यानांमुळे आणि ‘फॅक्टफुलनेस’ या पुस्तकामुळे प्रसिद्ध झालेले रोझलिंग ते हेच. दुष्काळात कडू कसावाच तेवढा तग धरून होता, त्यातील विष नेहमीपेक्षा वाढले होते आणि भुकेपोटी लोकांनी तो भिजवण्या-वाळवण्याचे दिवस कमी केले होते. शरीर सायनाइडचा निचरा करताना गंधक वापरते आणि ते प्रथिनांतून मिळते. डाळ, मासे, मांस काहीच ताटात नसल्याने तोही मार्ग बंद झाला होता. या आजाराला ‘कोन्झो’ म्हणतात. काँगोतील याका भाषेत त्याचा अर्थ बांधलेले पाय असा होतो. एकदा गेलेली पायांची ताकद परत येत नाही.

यावर निघालेला एक उपाय फार साधा आहे. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी सुचवले, की कसाव्याचे पीठ पाण्याने ओले करावे, चटईवर पातळ पसरावे आणि दोन तास उन्हात किंवा पाच तास सावलीत ठेवावे. पिठातच शिल्लक असलेले एन्झाइम उरलेले लिनामारिन तोडते आणि वायू उडून जातो. यंत्र नाही, रसायन नाही, वीज नाही. काँगोतील कोन्झोग्रस्त गावांत बायकांना ही पद्धत शिकवल्यावर तेथे नवे रुग्ण आढळणे थांबले.

कडू बदाम आणि ‘जीवनसत्त्व बी-१७’चे काय?

कडू बदाम आणि जर्दाळूची बी यांत अमिग्डालिन हे ग्लायकोसाइड असते. चावल्यावर त्यातूनही सायनाइड सुटते. आपण खातो त्या गोड बदामाच्या झाडात एक जनुकीय बदल झालेला आहे आणि त्यामुळे बीमध्ये अमिग्डालिन जवळपास बनतच नाही. हजारो वर्षांपूर्वी कोणा शेतकऱ्यांनी नेमकी अशी झाडे निवडून वाढवली. हा बदल नेमका कोणत्या जनुकाशी संबंधित आहे, ते २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एखादा बदाम कडूजहर लागला तर तो थुंकून टाकावा, हे मोठ्यांचे सांगणे अगदी बरोबर आहे.

चिंता वेगळ्याच गोष्टीची आहे. अमिग्डालिन आणि त्यापासून बनवलेले लिट्राइल ‘जीवनसत्त्व बी-१७’ या नावाने कर्करोगावरचा नैसर्गिक उपाय म्हणून विकले जाते. जर्दाळूच्या बिया रोज खाण्याचे सल्ले मोबाइलवर येतात. मुळात हे जीवनसत्त्व नाही. ते न मिळाल्याने माणसाला कोणताही आजार होत नाही. अमेरिकेत १७८ कर्करुग्णांवर लिट्राइलची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९८२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. रोग बरा झाला नाही, आयुष्य वाढले नाही, त्रासही कमी झाला नाही. उलट काही रुग्णांच्या रक्तातील सायनाइड घातक पातळीच्या जवळ गेले होते.

युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१६ मध्ये हिशेब मांडला, की प्रौढ माणसाने एका वेळी जर्दाळूच्या तीनपेक्षा जास्त लहान कच्च्या बिया खाल्ल्या तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. लहान मुलासाठी एक बीही जास्त ठरू शकते. आजार गंभीर असताना अशा बियांच्या नादी लागून उपचार लांबवले, तर विषापेक्षाही ती दिरंगाई अधिक महागात पडते.

कण्हेर विष, मग तिच्यासारखेच रसायन औषध कसे?

कण्हेरीत ओलिअँड्रिन, तर पिवळ्या कण्हेरीत म्हणजे बिट्टीत थेवेटिन ही हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड असतात. सायनाइडच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट निराळी. इथे साखर सुटण्याची वाट पाहावी लागत नाही, संयुग आहे तसेच काम करते. म्हणून ‘वाटले नाही, चावले नाही’ किंवा ‘उकळून घेतले’ हा बचाव चालत नाही. पाने वाळली तरी विष टिकते. झाडाचा प्रत्येक भाग विषारी असतो, बिट्टीची बी तर फारच.

हृदयाच्या पेशींच्या भिंतीत सोडियम बाहेर टाकणारे आणि पोटॅशियम आत घेणारे सूक्ष्म पंप असतात. ही संयुगे तो पंप अडवतात. सोडियम पेशीत साठते, त्यापाठोपाठ कॅल्शियम वाढते आणि स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो. पंप थोडासाच अडवला तर थकलेल्या हृदयाला बळ मिळते. जास्त अडवला तर ठोक्यांची लय बिघडते आणि हृदय थांबते.

पहिल्या शक्यतेचा शोध इंग्लंडमध्ये लागला. १७७५ च्या सुमारास विल्यम विदरिंग या डॉक्टरांकडे जलोदराप्रमाणे अंगाला पाणी सुटणाऱ्या रोगावर एका वृद्ध स्त्रीचा घरगुती काढा मतासाठी आला. त्यात वीसएक वनस्पती होत्या. गुण फॉक्सग्लोव्ह या एकाच वनस्पतीचा असल्याचे त्यांनी ओळखले, दहा वर्षे रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि १७८५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. कोणाला किती मात्रेने उलट्या झाल्या, कोणाची नाडी मंदावली, हेही त्यांनी लिहून ठेवले. त्याच कुळातील वनस्पतीपासून १९३० मध्ये डिगॉक्सिन वेगळे झाले. ते आजही हृदयविकाराच्या निवडक रुग्णांना दिले जाते. एका मिलिलिटर रक्तात त्याचे प्रमाण नॅनोग्रॅममध्ये मोजतात. औषधाची आणि विषाची मात्रा इतकी जवळ आहे, की डॉक्टर मूत्रपिंडाची आणि पोटॅशियमची तपासणी करत राहतात.

आता कण्हेरीच्या पानांचा काढा घेण्याचा सल्ला पाहा. एका पानात ग्लायकोसाइड किती आहे हे कोणालाच माहीत नसते. झाड, ऋतू, माती बदलली की प्रमाण बदलते. नॅनोग्रॅमने मोजायची वस्तू मूठभर पानांनी मोजता येत नाही.

श्रीलंकेत बिट्टीच्या विषबाधेचे रुग्ण मोठ्या संख्येने रुग्णालयांत येतात, त्यामुळे यावरचे महत्त्वाचे संशोधन तेथेच झाले. डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडे हा उतारा बिट्टीच्या विषावरही चालतो, हे २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तो महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही.

रोजच्या वापरातली ग्लायकोसाइड कोणती?

यादी मोठी आहे. रिठा आणि शिकेकाईत सॅपोनिन असतात. रेणूच्या एका टोकाला पाणी ओढणारी साखर आणि दुसऱ्या टोकाला तेलाशी जमणारा अग्लायकोन. साबणाचे काम नेमके असेच चालते. रिठ्याचे ‘सॅपिंडस’ हे शास्त्रीय नावही भारतीय साबण या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आले.

सोनामुखीतील सेनोसाइडमध्ये साखर टपालाच्या पाकिटासारखी काम करते. पाकीट जठरात आणि लहान आतड्यात फुटत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू ते फोडतात आणि औषध जिथे हवे तिथेच मोकळे होते. रात्री घेतलेल्या गोळीचा गुण सकाळी येतो, त्याचे कारण हा प्रवास. वाळुंजाच्या कुळातील विलो झाडाच्या सालीत सॅलिसिन असते. त्याच्या अभ्यासातून निघालेल्या वाटेवर १८९७ मध्ये जर्मनीत ॲस्पिरिन तयार झाले.

स्टीव्हियाच्या पानांतील गोडीही ग्लायकोसाइडचीच, साखरेच्या दोनशे ते तीनशे पट. भारतात ‘एफएसएसएआय’ने २०१५ मध्ये शुद्ध केलेल्या स्टीव्हिओल ग्लायकोसाइडना परवानगी दिली. मात्र वजन कमी करण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सुचवले आहे. ही शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती. गायकांचा लाडका ज्येष्ठमध ग्लायसिरायझिनमुळे गोड लागतो. घसा बसल्यावर कधीतरी कांडी चघळणे वेगळे. रोज आणि भरपूर घेतला तर शरीरातील पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

घरात आणि गोठ्यात काय काळजी घ्यावी?

कण्हेर आणि बिट्टी तोडून टाकण्याची गरज नाही. मुले खेळतात तिथे आणि गोठ्याजवळ ती लावू नये, छाटणीच्या फांद्या जनावरांपुढे पडू देऊ नयेत. फुले देवाला वाहिली तरी ती ताटातल्या पदार्थावर ठेवू नयेत आणि हाताळल्यावर हात धुवावेत. बिट्टीच्या बियांशी खेळणाऱ्या मुलांना ती तोंडात घालायची नाही हे आधीच सांगून ठेवावे.

जवसातही सायनाइड सोडणारी ग्लायकोसाइड थोड्या प्रमाणात असतात. आपल्याकडे जवस भाजून चटणी करतात, त्यात ती कमी होतात. नेहमीच्या चमचाभर चटणीची भीती नको. कच्च्या जवसाची पूड वाटीभर घेण्याचा उत्साह मात्र नको. हिरवा पडलेला किंवा कडू लागणारा बटाटा वापरू नये. त्यातील सोलानिन हेही ग्लायकोसाइडच्याच नात्यातले असून शिजवल्याने ते पुरते जात नाही. दुधीचा किंवा काकडीचा तुकडा आधी चाखावा. कडू लागला तर भाजी नको आणि रस तर मुळीच नको. त्यातील कडू कुकुर्बिटासिन, ज्यांपैकी काही साखरेला जोडलेली असतात, शिजवूनही टिकतात.

विषारी पान किंवा बी पोटात गेल्याची शंका आली तर मीठपाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी, पानाचा किंवा बीचा तुकडा सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरांना विष ओळखणे सोपे जाते. जनावराच्या बाबतीत १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे आणि बाकीची जनावरे त्या रानातून बाहेर काढावीत.

यापुढे ‘पूर्णपणे नैसर्गिक, कोणताही अपाय नाही’ असा संदेश आला तर पुढे पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. त्यात नेमके कोणते संयुग आहे, मात्रा कशाने मोजली आणि कोणत्या प्रक्रियेनंतर ते खायचे आहे. कसाव्याच्या पिठात आणि साबुदाण्यात, किंवा फॉक्सग्लोव्हच्या पानात आणि डिगॉक्सिनच्या गोळीत जो फरक आहे, तो या तीन उत्तरांतच आहे.